पळण्याची वही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



आज मी कर्जावर बोलणार नाही, पळण्यावर बोलणार आहे. हसू नका! आपल्या कितीतरी जणींच्या मुली पोलीस भरतीची तयारी करतायत. माझीही करतेय.

भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५ गुणांना. किमान निम्मे गुण लागतात. मागच्या खेपेला माझी पोर दोन गुणांनी मागे राहिली.

का राहिली? जाहिरात आल्यावर ती रोज पहाटे जीव तोडून पळायला लागली. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. उलट पळून आली की मी तिच्या हातात हंडा द्यायचे. गटाच्या बचतीचा पै न् पै हिशेब लिहिणारी मी, पण पोरीच्या पायांचा हिशेब कुठेच नव्हता.

या वेळी आम्ही वही घातली. आधी शाळेच्या मैदानावर टेपने मोजून २०० मीटरचा फेरा चुन्याने आखला. चार फेरे म्हणजे ८०० मीटर.

मग आठवडा ठरवला :

• सोमवार, गुरुवार – बोलता येईल इतक्या हळू पळणं.
• मंगळवार – २०० मीटर जोरात, चार वेळा. मध्ये एकेक फेरा चालत.
• बुधवार, शुक्रवार – चालणं आणि गोळ्याचा सराव.
• शनिवार – १०० मीटर. एक शनिवार सोडून घड्याळ लावून ८०० मीटर.
• रविवार – पूर्ण विश्रांती.

वहीत रकाने सहा : तारीख, किती पळाली, वेळ, झोप, दुखणं, पाळी.

पहिल्यांदा ८०० मीटरची वेळ लिहिली ती फेऱ्याफेऱ्याने. ४०, ५२, ६०, ६४ सेकंद. एकूण ३ मिनिटं ३६ सेकंद. चूक कागदावरच दिसली! पहिल्या फेऱ्यातच सगळी शिल्लक उधळलेली. मग पहिला फेरा मुद्दाम ५० सेकंदांत पळायला लावला. दोन महिन्यांनी वेळ आली ३ मिनिटं २४ सेकंद. अजून कमी करायची आहे, पण आता कुठे कमी करायची ते कळतंय.

बायांनो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. अंतर एकदम वाढवू नका. आठवड्याला फार तर दहावा हिस्सा. नडगीवर एकाच जागी बोट लावल्यावर दुखत असेल, तर पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, लवकर दम लागत असेल, तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि विश्रांतीचा दिवस म्हणजे बुडालेला हप्ता नव्हे. तोही वहीत लिहायचा. त्या दिवशी हंडा आपण उचलायचा.

"पोरीच्या जातीला पळणं कशाला?" असं कोणी म्हणालं, तर सांगा, दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली.

आमची भरती अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल, सांगता येत नाही. पण रोज संध्याकाळी मी वही उघडते आणि विचारते, "आज काय दुखतंय?" आणि आता ती खरं सांगते.

आज घरी गेल्यावर तुम्हीही विचारा.