पडद्यावरील सूचना आणि आपली जबाबदारी



आम्ही बँकेतील कारकून. वयाचा प्रश्न आला की आमच्या काउंटरवर नुसते तोंडी सांगून भागत नाही, जन्मतारखेचा कागद पाहावा लागतो. मोबाईलच्या पडद्यावर मात्र 'आपले वय अठरा पूर्ण आहे काय?' असा प्रश्न येतो आणि सातवीतला मुलगाही 'होय' वर बोट ठेवून आत शिरतो.

चित्रपटांसाठी १९५२ च्या कायद्याने 'यू' आणि 'ए' असे वर्ग केले. १९८३ पासून 'यूए' व 'एस' यांची भर पडली. शिवाय चित्रपटगृहाच्या दारात अडवणारा माणूस असे. ऑनलाइन चित्रपट-मालिकांसाठी केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांत वयानुसार पाच वर्ग सांगितले आहेत. परंतु ही वर्गवारी प्रकाशकांच्या चित्रपट-मालिकांसाठी आहे. कोणीही काढून कोणालाही पाठविलेल्या चित्रफितीसाठी नाही. तेथे दारात कोणीच उभे नसते.

जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे, मेलेल्या गाईचे कातडे काढण्यावरून दलित तरुणांना गाडीला बांधून मारण्यात आले. ती चित्रफीत देशभर फिरली. आमच्या दहा वर्षांच्या मुलाने ती आमच्याआधी पाहिली आणि तो न जेवताच झोपला. आम्ही फोन काढून घेतला व विषय संपला असे समजलो. आठ दिवसांनी त्याने विचारले, "बाबा, त्यांना सोडवायला कोणीच का गेले नाही?" आम्ही निरुत्तर झालो. फोन काढून घेतला त्याच रात्री आम्ही त्याच्याजवळ बसायला हवे होते.

मग ती चित्रफीत दडपावी काय? मुळीच नाही. ती लोकांसमोर आली म्हणूनच देशभर निषेधाचा आवाज उठला. अन्याय झाकणे हे सूचनेचे काम नव्हे. सूचना म्हणजे बंदी नव्हे. पुढे काय आहे हे आधी सांगणारी ती पाटी आहे. मात्र पाटी स्पष्ट हवी. 'संवेदनशील मजकूर' एवढ्याने काहीच कळत नाही. मारहाण आहे, नग्नता आहे की आत्महत्येचा प्रसंग आहे, हे सांगितले तरच पाहणाऱ्याला पाहावे की नाही हे ठरविता येते.

विद्यार्थी मित्रांनो, असे काही पुढे पाठविण्याची वेळ आली तर वर एक ओळ जरूर लिहा आणि ते लहानांच्या हाती पडणार नाही हे पाहा. पालकांनो, मुलाने नको ते पाहिले तर आधी त्याच्याशी बोला, फोनचे नंतर पाहा. पडद्यावरची पाटी फक्त सावध करते. मुलाच्या प्रश्नाला उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

जयभीम!