देवळाचे जुने रहिवासी
(जीर्णोद्धार समारंभात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



देऊळ उभे राहिले ते आपल्या सर्वांच्या दातृत्वाने. कोणी सिमेंट दिले, कोणी वाळू, कोणी श्रम. त्याबद्दल इतर वक्ते बोललेच आहेत. मी बोलणार आहे ते ज्यांचे नाव देणगीच्या पाटीवर नाही अशा रहिवाशांविषयी.

जुन्या देवळांच्या कोनाड्यांत आणि शिखरांच्या पोकळीत गव्हाणी घुबड राहते. लोक त्याला अशुभ मानतात, आणि त्याच तोंडाने लक्ष्मीचे वाहनही म्हणतात! खरे पाहता ते आपले बिनपगारी राखणदार आहे. त्याचे मुख्य अन्न उंदीर. पिल्ले असली म्हणजे नर-मादी रात्रभर वावरातून उंदीर आणीत असतात. ज्वारी, गहू, हरभरा पिकवणाऱ्या वऱ्हाडाला याहून मोठा मित्र कोणता? तरीही अंधश्रद्धेपायी घुबडे पकडली जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मेळघाटची. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. तिथल्या सिपना, गडगा, खापरा या नद्या तापीला मिळतात. जंगल टिकले तर पाणी टिकते. त्याच जंगलात रानपिंगळा राहतो. हा पक्षी 1884 नंतर कोणाला खात्रीने दिसला नव्हता. नामशेष झाला असेच जाणकार समजत. 1997 साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. तो वाचला, कारण त्याची जुनी झाडे आणि त्यांतील ढोल्या शिल्लक होत्या. ढोली गेली की घर गेले, घर गेले की वंश गेला.

हाच नियम देवळालाही लागू आहे. भिंतीतला पिंपळ काढावाच लागतो, नाहीतर मुळ्या दगड फोडतात. पण त्याच्या बदली आवारात एक पिंपळ, एक वड लावता येतो. भेगा बुजवाव्याच लागतात, पण बुजवण्यापूर्वी आत पिल्ले आहेत का हे पाहता येते.

मागच्या ओवरीचे काम अजून बाकी आहे. म्हणून पंचांना माझी नम्र विनंती आहे. गवंड्याला हात लावू देण्यापूर्वी कोनाडे तपासावेत. पिल्ले असल्यास ती उडून जाईपर्यंत काम थांबवावे. नंतर मागील बाजूस, उंचावर, एक लाकडी पेटी घुबडासाठी बसवावी. शिखरावर रात्रभर दिवे ठेवू नयेत. शेतकरी बांधवांनीही उंदरांसाठी विष टाकताना विचार करावा. विषाने मेलेला उंदीर खाऊन घुबडही दगावू शकते.

खर्च म्हणाल तर चार फळ्या आणि मूठभर खिळे. देणगीदारांपैकी कोणी तेवढे उचलले तर पाटीवर नाव आले नाही तरी शेतातले धान्य त्याची साक्ष देईल.