मतभेद असू देत, बोलणे थांबू नये

(पनवेल येथे युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘आम्हाला राजकारण नकोच,’ असे तुमच्यापैकी अनेक जणी गटचर्चेत म्हणाल्या. खोदून विचारले तेव्हा कळले, की तुम्हाला भांडणे नको आहेत. काका शेकापचे, भाऊ शिवसेनेचा. निवडणूक आली की आईने दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढायचे. तुमचा वैताग मला समजतो. पण मतभेद वेगळे आणि वैर वेगळे.

विमानतळाच्या नावाचेच पाहा. २०२१ मध्ये सिडकोने बाळासाहेब ठाकरे यांचे नाव पुढे केले. भूमिपुत्रांना दि. बा. पाटील यांचे नाव हवे होते. जूनमध्ये मानवी साखळी झाली, मग बेलापूरला सिडकोवर मोर्चा गेला. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाला मान्यता दिली. ठाम राहून लढता येते, तसे ऐकून घेऊन भूमिकाही बदलता येते.

या नावामागे जानेवारी १९८४ आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना उरण भागात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. आता घरी जाऊन विचारा: भूखंड मिळाला तेव्हा कागदावर नावे कोणाची लागली? बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले का? हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांनाही तो मिळाला. या प्रश्नावर मात्र काका आणि भाऊ चटकन एका पक्षात येतात! विचारसरणी पारखायची ती अशा वेळी.

आमच्या गटात आम्ही दोन नियम पाळतो. समोरचीचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत सांगायचे; ‘हो, मला हेच म्हणायचंय,’ असे ती म्हणाली की मगच उत्तर द्यायचे. आणि आईबहिणीवरून शिवी आली की चर्चा तिथेच थांबवायची. याने मते जुळतात असे नाही. पण तावातावाने भांडलेल्या दोघी दुसऱ्या दिवशी मिळून सातबारा काढायला जातात.

महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तेव्हा राजकारण नको म्हणून चालणार नाही. कोणत्याही झेंड्याचा उमेदवार दारात आला, तर त्याला विचारा: तुमच्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे का?