देहूरोडचे बुद्धविहार आणि आपण
(संस्थेच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या नेरे गावापासून देहूरोड काही फार लांब नाही. तिथल्या भर वस्तीतील बुद्धविहारात आपण दरवर्षी 25 डिसेंबरला जातो. पण कशासाठी जातो, याचा आज थोडा विचार करू.

डिसेंबर 1954 मध्ये परमपूज्य बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. तेथून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोडला स्वहस्ते केली. बरोबर 27 वर्षांपूर्वी, 25 डिसेंबर 1927 रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. एका तारखेला जाचक ते जाळले, त्याच तारखेला तारक ते स्थापन केले.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी एक हिशेब करा. नागपूरची धम्मदीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची, म्हणजे देहूरोडनंतर जवळजवळ बावीस महिन्यांनी. आणि धर्मांतराची येवल्याची घोषणा 1935 ची. मधली एकवीस वर्षे बाबासाहेबांनी अभ्यासात घालवली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्याच अभ्यासाचे फळ. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. धम्म त्यांनी घाईने नव्हे, पारखून घेतला.

मग आपण काय करतो? रांगेत उभे राहतो, मेणबत्ती लावतो, फोटो काढतो आणि परततो. कोणी कोणी तर मनात नवसही बोलतात! तथागतांनी कोणाला काही देण्याचे वचन दिलेले नाही. त्यांनी मार्ग दाखवला. चालायचे आपल्यालाच आहे.

आज हिंजवडीच्या कंपन्या आपल्या उंबऱ्यावर आल्या आहेत. त्या इमारतींत आपली मुले-मुली झाडू घेऊन जाणार की पदवी घेऊन, हा खरा प्रश्न आहे. एका खोलीच्या घरात दहावीच्या मुलीने अभ्यास कुठे करायचा? आणि विहाराला मात्र जयंती सोडली तर कुलूप!

म्हणून आमची नम्र सूचना आहे. यंदा देहूरोडहून परतल्यावर आपल्या विहाराचे कुलूप रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडावे. सभासदांनी पाळीने तिथे बसावे. आधी वंदना, मग अभ्यास. ज्यांच्याकडे जुनी पुस्तके असतील त्यांनी ती आणून द्यावीत.

एवढे झाले तर देहूरोडचे विहार आपण खरोखर पाहिले, असे म्हणता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!