न दिलेला हुकूम
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



माझ्यासमोरील मेजावर, पाण्याच्या पेल्याशेजारी, काड्यांची जी लहानशी जुडी आपणांस दिसत आहे, ती गेल्या रमजानात मुंबईच्या महंमद अली रस्त्यावर, अत्तरे आणि खजूर विकणाऱ्यांच्या रांगेत बसलेल्या एका वृद्ध विक्रेत्याकडून मी घेतली. काडी करंगळीएवढी जाड, वीतभर लांब आणि वरून मातकट आहे. टोकाची अर्धा इंच साल नखाने सोलली म्हणजे आत फिकट पिवळा गाभा लागतो, तो पाण्यात भिजवून हलके हलके चावीत राहिले म्हणजे त्याचे तंतू एकमेकांपासून सुटतात आणि काडीच्या तोंडाशी एक इवलासा कुंचला तयार होतो. चावताना प्रथम खारट आणि मागाहून मुळ्यासारखी किंचित तिखट चव जिभेवर येते. तंतू लिबलिबीत झाले की तेवढा भाग कापून टाकावयाचा आणि पुढची साल सोलावयाची. अशी ही काडी झिजत झिजत कित्येक दिवस माणसाची सोबत करते. हिला मिसवाक म्हणतात, आणि हिच्याविषयी इस्लामी परंपरेने जो आचार घालून दिला आहे, तो आज माझ्या विवेचनाचा विषय आहे.

अरबी भाषेत ‘सिवाक’ हा शब्द घासण्याच्या क्रियेला लावतात आणि ज्याने घासावयाचे त्या काडीलाही लावतात. ‘मिसवाक’ हे केवळ साधनाचे नाव. काडी शक्यतो अराक नावाच्या झाडाची घ्यावी असा संकेत आहे, आणि हा अराक आपल्याला मुळीच परका नाही. हेजाजच्या खारट, रेताड भूमीत जो अराक म्हणून वाढतो तोच सिंध, राजस्थान आणि कच्छ या प्रदेशांत पीलू म्हणून वाढतो. पीलू पिकण्याच्या अर्थाचा ‘पीलुकुण’ हा शब्द पाणिनीच्या सूत्राने सिद्ध होतो, आणि महाभारताच्या कर्णपर्वात वाहीक देशाचे वर्णन येते तेथे शमी व करीर यांच्या जोडीला पीलूची वनेही येतात. रसायनशास्त्रज्ञांना याच्या मुळीत एक गंधकयुक्त तिखट द्रव्य सापडले असून ते मुखातील कित्येक जंतूंना मारक आहे, एवढे सांगून मी त्या विषयाची रजा घेतो. कारण मिसवाकीचे गुणधर्म पुष्कळांनी सांगितले आहेत, तिच्यामागचा विचार मात्र फारसा कोणी उलगडून दाखवीत नाही.

या विचाराचा पाया एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्तिकृतींच्या परंपरागत वृत्तांतात, आहे. हजरत अबू हुरैरा यांनी ती सांगितली असून बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत ती आलेली आहे. तिचा आशय असा की, आपल्या अनुयायांवर अवजड भार पडेल अशी चिंता वाटली नसती, तर प्रत्येक नमाजाच्या वेळी दात घासण्याचा हुकूम पैगंबरांनी केला असता. श्रोतेहो, या वाक्यावर आपण क्षणभर थांबावे अशी माझी इच्छा आहे. ज्याच्या शब्दाला फर्मानाची किंमत आहे, आणि ज्याचे फर्मान शिरसावंद्य मानावयास सहस्रावधी माणसे हात जोडून उभी आहेत, असा पुरुष आपल्या मनातली अत्यंत आवडती गोष्ट बोलून दाखवितो आणि तिचा हुकूम मात्र काढीत नाही. आणि तो का काढीत नाही याचे कारणही लपवून ठेवीत नाही. दिवसाकाठी पाच वेळा, वाळवंटातील प्रवासात, रानात जनावरे राखताना, म्हातारपणी हिरड्या दुखत असताना, ही काडी कोठून आणावयाची आणि कशी चालवावयाची, ही सामान्य माणसाची अडचण त्या न झालेल्या हुकमामागे मला दिसते.

पुढील काळातील धर्मशास्त्रज्ञांनी तर या हदीसवर कायद्याचा एक मोठा सिद्धांत उभारला. त्यांची मांडणी अशी : ज्याअर्थी हुकूम केला असता तर लोकांवर भार पडला असता, त्याअर्थी हुकूम म्हटला की तो बंधनकारक असलाच पाहिजे, आणि ज्याअर्थी हुकूम झाला नाही तरी ती गोष्ट इष्टच राहिली, त्याअर्थी बंधनकारक नसलेले परंतु इष्ट असे एक स्वतंत्र क्षेत्र धर्मात आहे. फर्ज आणि सुन्नत यांच्यामधील सीमारेषा आखताना दात घासण्याची ही काडी पुराव्यादाखल पुढे करण्यात आली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

हुकूम झाला नाही, तेव्हा लोक ही रीत पाहून पाहून शिकले; आणि म्हणूनच या विषयावरील हदीसांमध्ये आज्ञेपेक्षा दृश्ये अधिक आहेत. पैगंबर घरात पाऊल टाकताच प्रथम काय करीत, असे शुरैह इब्न हानी यांनी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांना विचारले, तेव्हा त्यांनी ‘सिवाक’ एवढेच उत्तर दिले. बाहेरच्या मोठ्या सभेसाठी तोंड स्वच्छ करणारे पुष्कळ असतात. घरातल्या माणसांशी बोलण्यापूर्वी ते करणारा विरळा, आणि मला स्वतःला या एका उत्तरात सगळ्या आचाराचे सार सापडते. रात्री प्रार्थनेसाठी ते उठत तेव्हा प्रथम काडीने मुख घासीत, असे हजरत हुजैफा सांगतात. आणि त्यासाठी काडी व पाणी रात्रीच सिद्ध करून ठेवीत असू, असे आयेशाच सांगतात. अबू मूसा अल-अशअरी आत गेले तेव्हा काडीचे टोक पैगंबरांच्या जिभेवर होते आणि उमासा यावा तसा ‘उ, उ’ असा स्वर त्यांच्या तोंडून निघत होता. महापुरुषाच्या चरित्रातून असला तपशील भक्तमंडळी बहुधा गाळून टाकतात. येथे तो आदरपूर्वक जतन केला आहे, कारण दातांबरोबर जीभही घासावयाची, हे त्या एका स्वराने पुढच्या पिढ्यांना कळले.

जैद इब्न खालिद या सहकाऱ्याचे चित्र तर आपल्याकडील कचेऱ्या पाहिलेल्या माणसाच्या मनात तत्काळ उभे राहील. कारकुनाच्या कानावर बोरू खोचलेला असावा, तशी त्यांच्या कानावर मिसवाक खोचलेली असे, आणि नमाजाला उभे राहण्यापूर्वी ती काढून ते दात घासीत व पुन्हा जागच्या जागी ठेवीत. हजरत इब्न मसऊद अराकच्या झाडावर काडी तोडावयास चढले असता त्यांच्या काटकुळ्या पोटऱ्या पाहून लोक हसले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबविले आणि सांगितले की न्यायाच्या तराजूत त्या पोटऱ्या उहुद पर्वताहून भारी ठरतील.

आता, तोंड स्वच्छ करावयाचे ते कोणासाठी? इमाम गझाली यांनी ‘इह्या’ या महाग्रंथात शुद्धीच्या प्रकरणात याचे उत्तर दिले आहे. दात घासताना मनात संकल्प धरावा, आणि तो हा की या मुखाने मी नमाजात ईश्वराचे वचन उच्चारणार आहे, त्या वचनासाठी मी वाट झाडीत आहे. मुख ही कुराणाची वाट आहे, ही कल्पना त्यांच्याही आधीची असून ती हजरत अलींच्या नावावर सांगितली जाते. कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, कारण ज्या गोष्टीचा माणसांना त्रास होतो तिचा देवदूतांनाही होतो, या सुप्रसिद्ध निर्बंधाचीही हीच दिशा आहे. मुख आपल्या मालकीचे असले तरी त्यातून निघणारा श्वास जवळच्या माणसाच्या वाट्याला जातो. जमातीच्या नमाजात खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नियमांचा तपशील फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत इतका बारीक आहे की सर्व सांगू लागलो तर व्याख्यान संपावयाचे नाही. उजवीकडून आरंभ करावा. दात आडवे घासावेत, जीभ उभी. काडी मुठीत धरू नये, करंगळी व अंगठा खाली आणि मधली तीन बोटे वर अशी धरावी. वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर धुवावी. ती चोखू नये. डाळिंबाची किंवा बांबूची काडी घेऊ नये. काडी नसेल तर खरखरीत कापड किंवा बोटही चालेल. हात कोणता, यावरही वाद आहे : शुभकार्य म्हणून पुष्कळांनी उजवा सांगितला, तर मळ काढावयाचा म्हणून इब्न तैमिया यांनी डावा मानला. एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो. हनफी ग्रंथांत काडीचे माप वीतभर लांब आणि करंगळीएवढे जाड असे आहे; आणि आपल्या सुश्रुताने दंतकाष्ठाचे माप बारा अंगुळे लांब व करंगळीएवढे जाड असे दिले आहे. बारा अंगुळे म्हणजे वीतच! कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्न मला येथे गैरलागू वाटतो. माणसाचा हात सगळीकडे तोच आहे.

आपल्या महाराष्ट्रात या आचाराचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आणि घाटावरचे बहुसंख्य हनफी. हनफींच्या मते मिसवाकीची जागा वजूच्या, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय व तोंड धुण्याच्या, वेळी, मशिदीच्या हौदावर. कारण नमाजाला उभे राहताना घासल्यास हिरडीतून रक्त वाहिले तर वजूच मोडेल. शाफईंच्या मते रक्ताने वजू मोडत नाही, म्हणून वजूच्या वेळी आणि पुन्हा नमाजाच्या आरंभीही ती इष्ट. दोन्ही पक्षांनी तीच हदीस वाचली, आणि दोघांनीही हिरडीचा विचार केला!

रोजाच्या दिवसाचा वाद तर याहून हृद्य आहे. उपवास करणाऱ्याच्या मुखाचा वास ईश्वराला कस्तुरीहून प्रिय, अशी हदीस आहे. तेव्हा दुपार टळल्यावर काडीने तो वास घालविणे शाफई पंथाने अनिष्ट ठरविले. उलट, रोजा असताना पैगंबर असंख्य वेळा दात घासताना आपण पाहिले, असे आमिर इब्न रबीआ सांगतात, आणि त्या आधारावर हनफींनी दिवसभर मोकळीक दिली. शाफई पंथाचेच थोर भाष्यकार नववी यांनी पुराव्याचे बळ पाहून स्वपंथाच्या रूढ मताविरुद्ध ही मोकळीक पसंत केली, आणि त्यांच्या या प्रामाणिकपणापुढे मी नतमस्तक होतो. आपल्याकडेही उपवासाच्या व श्राद्धाच्या दिवशी दंतकाष्ठ वर्ज्य मानून त्याऐवजी बारा चुळा भरण्याचा पर्याय धर्मशास्त्राने दिलेला आहे. तेव्हा व्रतस्थ मुखाचे काय करावे, हा प्रश्न दोन्हीकडे पडलेला होता.

इसवी सन 632. पैगंबर मदिनेत, अखेरच्या आजारात, हजरत आयेशांच्या छातीशी टेकून बसलेले आहेत. आयेशांचे बंधू अब्दुर्रहमान आत येतात, आणि त्यांच्या हातात मिसवाक आहे. पैगंबरांची दृष्टी त्या काडीवर खिळते. ती दृष्टी आयेशांना कळते. हवी का, असे त्या विचारतात, आणि मस्तक किंचित हलते. काडी कडक असते, म्हणून आयेशा ती घेऊन स्वतःच्या दातांनी मऊ करतात आणि त्यांच्या हाती देतात; आणि ते दात घासतात, आयेशांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते इतक्या उत्तम रीतीने. थोड्याच वेळाने हात खाली येतो. आयुष्याच्या शेवटच्या घटकेत आपल्या दोघांच्या मुखातील ओलावा एकत्र झाला, ही ईश्वराची आपल्यावरील कृपा होय, असे आयेशा पुढे सांगत असत. मरणासन्न माणसालाही मिसवाक इष्ट, असे शास्त्रकारांनी म्हटले, त्याचा आधार हे दृश्य आहे. पत्नी, भाऊ, एक काडी आणि एक नजर, एवढ्यावर तो नियम उभा आहे, आणि त्यातही हुकूम कोणी कोणाला केलेला नाही.

एक कथा सांगावयाची राहिली. पैगंबरांना स्वप्न पडले की आपण दात घासीत आहोत आणि दोन माणसे ती काडी मागण्यास आली आहेत. त्यांनी ती धाकट्याच्या हाती दिली, तोच वाणी झाली की वडील माणसाला आधी द्यावी, आणि त्यांनी ती थोरल्याला दिली.

या जुडीत तेवीस काड्या आहेत. व्याख्यानानंतर ज्यांना हवी असेल त्यांनी एकेक घेऊन जावी, घरी पाण्यात भिजवावी आणि चव घेऊन पाहावी. मात्र पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांना आधी मेजापाशी येऊ द्यावे, एवढी माझी तरुण श्रोत्यांना विनंती आहे.