आतून लागणारं दार

आजचा विषय आहे अंघोळ. हसू नका. सत्तावीस वर्षांच्या मुलाला रोज आई अंघोळ घालते, हे माईकसमोर बोलायला मला दोन सीझन लागले.

बाईकचा अपघात झाला, पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. हॉस्पिटलमधून घरी आलो. व्हीलचेअर हॉलमध्ये फिरली, बेडरूममध्ये फिरली आणि बाथरूमच्या दारात अडली. दाराची मोकळी रुंदी २६ इंच, माझी चेअर २५. त्यात खाली कडप्प्याचा चार इंचांचा उंबरठा. मग बाबा काखेत हात घालून उचलायचे, भाऊ पाय धरायचा, आत प्लास्टिकची खुर्ची, आणि आई तांब्याने पाणी घालायची. असे आठ महिने. एक दिवस साबणाच्या पाण्यावर ती खुर्ची सरकली. मला सावरताना बाबांची कंबर धरली. त्या रात्री ठरलं, बाथरूम फोडायचं.

गवंडीकाका म्हणाले, "दादा, तुम्ही फक्त फोटो दाखवा, तस्सं करून देतो." मी फोटो दाखवणारच होतो. पण माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, "आधी खडू आणा."

आम्ही खाली पार्किंगमध्ये बाथरूम खऱ्या मापात आखलं, चार फूट बाय सात फूट. दार, नळ, बसायची जागा, सगळं खडूने. आणि मी त्यात चेअर घेऊन गेलो. केंद्र सरकारच्या २०२१च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांमध्ये व्हीलचेअर वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ सांगितलंय. म्हणजे जवळपास पाच फूट. आमची खोलीच चार फुटांची! मग काय करायचं? सरळ आत जायचं, उलटं बाहेर यायचं. दहा वेळा करून पाहिलं, जमलं. ते नियम महत्त्वाचेच आहेत, विशेषतः सार्वजनिक इमारतींसाठी. पण जुन्या फ्लॅटमध्ये शेवटचं माप तुमच्या चेअरचं आणि तुमच्या हातांचं.

आता कामाचं सांगतो, नोट करून घ्या.

एक, दार. चौकट काढून मोकळी रुंदी ३२ इंच केली आणि बाहेरच्या भिंतीवर सरकणारं दार लावलं. आत उघडणारं दार नकोच. माणूस आत पडला तर तो दारालाच अडतो, मदतीला येणाऱ्याला दार उघडता येत नाही.

दोन, उंबरठा. तो काढला की पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, पाणी हॉलमध्ये येणार नाही का? उंबरठ्याचं काम उतार करतो. दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, दारापासून आतल्या भिंतीकडे, आणि तिथे लांब जाळी. काकांनी सवयीने जास्त उतार दिला. लाद्या बसवण्याआधी मी चेअर आत नेली, तर ब्रेक सोडताच ती आपोआप जाळीकडे निघाली! कोबा परत करावा लागला. म्हणून लाद्या लावायच्या आधी चेअर आत न्याच. आणि वॉटरप्रूफिंग झालं की पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंशी संबंध चांगले राहतात. लाद्या खरखरीत, मॅट फिनिशच्या घ्या.

तीन, आधाराचे दांडे. टॉवेलचा रॉड म्हणजे ग्रॅब बार नव्हे! पहिला दांडा प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर बसवला होता. भावाने अंग टाकून ओढला, तर लादीसकट हातात आला. तिथे मी असतो तर? नंतर भिंतीतून आरपार बोल्ट घेतले, मागे लोखंडी पट्टी. भिंतीवरची घडीची सीटही तशीच बसवली, माझ्या चेअरच्या सीटच्या उंचीवर, म्हणजे १९ इंच. एका उंचीवर असलं की सरकणं सोपं जातं. त्यावर वॉटरप्रूफ गादी हवीच. संवेदना नसलेली त्वचा कडक पृष्ठभागावर दाबली जाते आणि जखम कधी सुरू झाली ते कळत नाही.

चार, गरम पाणी. हे नीट ऐका. माझ्या पायावर उकळतं पाणी पडलं तरी मला कळणार नाही. भाजल्याचं फोड आल्यावर दिसेल. म्हणून थर्मोस्टॅटवाला मिक्सर बसवला, तो ३८ अंशांवर अडतो. तरीही पहिली धार भिंतीकडे, मग तळहातावर, मग अंगावर. नळ आणि हँड शॉवर दोन्ही बसल्या जागी हाताला लागतील असे. आणि बेलची दोरी जमिनीपर्यंत. पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही.

भाड्याच्या घरात राहताय? तोडफोड जमणार नाही. पण रबरी पायांचं, पाठ असलेलं शॉवर स्टूल आणि लांब पाइपचा हँड शॉवर, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

खरा वाद झाला तो मात्र शेवटी, कडीवरून. आई म्हणाली, "कडी नको. तुला काही झालं तर?" मी म्हणालो, "आई, एवढा सगळा खटाटोप कडीसाठीच तर केलाय." दोघंही गप्प. शेवटी बाबांनी एक लॅच शोधून आणलं. आतून लागतं, पण बाहेरून नाणं फिरवलं की उघडतं.

पहिल्या दिवशी मी आत गेलो, दार ओढलं, लॅच लावलं. पाऊण तास लागला. साबण दोनदा पडला. बाहेरून आईची हाक, "झालं का रे?" दर पाच मिनिटांनी. आणि मी मोठ्याने गाणं म्हणत होतो, तिला आवाज यावा म्हणून.

बाहेर आलो तर आई दाराशीच उभी. मुठीत पाच रुपयांचं नाणं.

ते नाणं आता दाराच्या वरच्या पट्टीवर असतं. अजून लागलेलं नाही.

तुमच्या घरात कुणाला अंघोळीला मदत लागत असेल, तर आज त्यांना एक प्रश्न विचारा, "यातलं तुला स्वतः काय करायचंय?" माप घ्यायला त्यानंतर बसा. भेटू पुढच्या भागात!