जुनं इंजिन, नवी ताकद

आज बोलूया ब्रिटनच्या ‘क्लास ७३’ इंजिनांबद्दल. १९६२ ते १९६७ दरम्यान अशी ४९ इंजिनं बनली. आपल्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते, तर लंडनच्या दक्षिणेकडच्या गाड्यांना ती शेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते. या विजेवर क्लास ७३ ची ताकद १६०० अश्वशक्ती. वीज नसलेल्या यार्डात मात्र पोटातलं डिझेल इंजिन कामाला यायचं, ते फक्त ६०० अश्वशक्तीचं.

खरी गंमत पुढे आहे. २०१० नंतर काही इंजिनं उघडली, सांगाडा तोच ठेवला आणि आत १६०० अश्वशक्तीचं नवं डिझेल बसवलं. हाताखालचा गडी थेट मालकाच्या बरोबरीला आला! त्यातली सहा ‘कॅलेडोनियन स्लीपर’ या रात्रीच्या गाडीसाठी स्कॉटलंडला गेली, जिथल्या मुख्य रेल्वेमार्गांवर तिसरा रूळ नाहीच.

‘जुनं ते सोनं’ असं मी सरसकट म्हणणार नाही. पण भंगारात काढायचं की नाही, हे वय बघून ठरवू नये. सांगाडा किती धड आहे ते आधी बघावं. तुमच्या जुन्या फोनचं तुम्ही काय करता? नक्की कळवा.